आखणी एडिंबरोची, खोरं सावित्रीचं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाबळेश्वरला जायचं तर आज आपण पोलादपूरहून आंबेनळी घाट धरतो आणि वळणं घेत घेत तास-दीड तासात वर पोचतो. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या माणसाला हाच प्रवास बराचसा पाण्यातून करावा लागे. गलबतानं बाणकोटच्या खाडीत शिरायचं, भरती साधून सावित्रीतून दासगावपर्यंत यायचं, तिथून महाड, पुढं पोलादपूर, आणि मग पालखी नाहीतर घोडं करून पारघाटाची चढण. साहेब लोक, पलटणीचे अधिकारी, हवापालटाला निघालेले आजारी, सगळे याच वाटेनं गेले. स्कॉटलंडचे पाद्रीही याच खाडीच्या तोंडाशी उतरले.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दोन चित्रं येतात. एक, शाळा-दवाखाने काढणारा देवमाणूस. दुसरं, गरिबाला तांदूळ देऊन बाटवणारा. दोन्ही चित्रांवर आपण हिरिरीनं भांडतो, पण दोन्हींत एक गोष्ट सुटते. मिशन ही आधी कागदावर केलेली योजना असते. पैसा कुठून येणार, माणसं किती, कुठल्या गावी उतरवायची, त्यांनी कोणती भाषा शिकायची, काम झालं की नाही हे कशावरून ठरवायचं, या सगळ्याचा त्यात विचार असतो. मी महाडचा. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. आमच्या नदीच्या मुखाशी एवढी मोठी योजना सुरू झाली आणि आमच्या खोऱ्यात मात्र तिच्या खुणा इतक्या थोड्या का उरल्या, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. त्याचं उत्तर शोधताना मिशनचं काम आखलं कसं जातं आणि प्रत्यक्षात होतं कसं, हे बरंचसं उलगडतं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. धर्मप्रसाराची आखणी या खोऱ्याला मुळीच नवी नव्हती. महाडच्या वेशीवर गंधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. बंदरावरून घाटावर जाणाऱ्या व्यापारी वाटेशेजारी, भिक्षूंना भिक्षा मिळेल इतक्या गावाजवळ आणि पावसाळा काढता येईल इतक्या उंचावर ती खोदलेली आहेत. ठिकाण निवडणाऱ्यानं पूर्ण विचार केला होता, हे तिथं उभं राहिलं की कळतं. पुढं सतराव्या शतकात समर्थ रामदास शिवथरच्या घळीत राहिले. दासबोध तिथं लिहिला गेला अशी परंपरा आहे. समर्थांनी मठ कुठं असावा, महंत कसा असावा, त्यानं लोक कसे जोडावेत, याचा किती बारकाईनं विचार केला होता हे सांप्रदायिकांना ठाऊक आहे. आणि वारकऱ्यांची तर गोष्टच वेगळी. तिथं मध्यवर्ती कचेरी नाही, निधी नाही, अहवाल नाही, तरी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांतून पंढरीची वारी चुकत नाही.

इंग्रजी जगातली आखणी सुरू झाली ती आकड्यांनी. विल्यम कॅरीनं १७९२ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तिच्यात देशोदेशींची लांबी-रुंदी, लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते होते. हा गृहस्थ चांभारकाम करून पोट भरणारा. पुढं तो बंगालात श्रीरामपूरला आला आणि १८०५ मध्ये त्यानं मराठीचं व्याकरण छापलं. आकड्यांचा हा नाद मुंबईतल्या दोन अमेरिकन मिशनऱ्यांनी पार टोकाला नेला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल १८१३-१४ मध्ये मुंबईत आले. त्यांनी इथं बसून एक पुस्तक लिहिलं, ते १८१८ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. त्यातलं गणित असं: जगात साठ कोटी लोकांपर्यंत ख्रिस्ती धर्म पोचायचा आहे, दर वीस हजारांमागं एक मिशनरी हवा, म्हणजे एकूण तीस हजार मिशनरी लागतील. या हिशेबानं आजच्या पोलादपूर तालुक्याच्या वाट्याला दोन आले असते. गणितात काही चूक नाही. पण वीस हजार माणसं एका पठारावर राहतात की चाळीस वाड्यांत विखुरलेली आहेत, मध्ये नदी आहे का, चार महिने पाऊस किती पडतो, याला त्या गणितात जागा नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतल्या सोयऱ्याची खबर लागायला चार दिवस लागत.

पैसा गोळा होण्याची रीत मात्र पाहण्यासारखी होती. राजाश्रय नाही, फार मोठे देणगीदारही नाहीत. गावोगावच्या मंडळ्या आठवड्याला पेनी-पेनी जमवत. स्कॉटिश मिशनरी सोसायटी एडिंबरोत १७९६ मध्ये निघाली ती अशाच वर्गणीवर. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या मुख्य चर्चच्या महासभेनं परदेशी मिशनचा प्रस्ताव फेटाळला होता, म्हणजे घरातलेच सगळे अनुकूल नव्हते. ज्यानं पेनी दिली त्याला वर्षाअखेरी काहीतरी सांगावं लागतं. मिशनच्या कामात अहवालाला जे महत्त्व आलं त्याचं मूळ इथं आहे. किती शाळा, किती मुलं, किती पुस्तकं वाटली. जे मोजता येतं ते कागदावर आलं आणि जे कागदावर आलं तेच हळूहळू काम ठरत गेलं. आजच्या स्वयंसेवी संस्थांत काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

कंपनी सरकारचाही अडसर होता. १८१३ च्या सनदेपर्यंत कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक नव्हती. सनदेनंतर दार उघडलं, तरी १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दख्खनेत लोकांची मनं दुखावतील असं काही नको, असा गव्हर्नर एल्फिन्स्टनचा कटाक्ष होता. स्कॉटिश सोसायटीचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ च्या सुरुवातीला मुंबईत आले तेव्हा पुण्याऐवजी बाणकोट त्यांच्या पदरात पडलं ते यामुळं. बाणकोटचा किल्ला, आंग्र्यांचा हिंमतगड आणि इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया, १७५६ च्या तहापासून इंग्रजांकडं होता. महाडजवळचं दासगावही त्याच जुन्या इंग्रजी हद्दीतलं. दोन पिढ्या इंग्रजी अंमल पाहिलेला मुलूख, तेव्हा इथं गडबड होणार नाही, असा सरकारी हिशेब होता. म्हणजे ठिकाण लोकांची गरज बघून निवडलेलं नव्हतं, धर्माचा विचार करूनही नव्हतं. सरकारला सोयीचं म्हणून ते ठरलं.

मिचेल पूर्वी कंपनीच्या फौजेत अधिकारी होते, त्यांना हा देश अगदीच परका नव्हता. तरी १८२३ च्या नोव्हेंबरात, इथं येऊन वर्षही पुरं व्हायच्या आत, ते वारले. जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन हे त्यांच्या पाठोपाठ आले आणि बाणकोट व हर्णै ही दोन ठाणी उभी राहिली. त्या काळच्या योजनांत मृत्यूचा रकाना धरावाच लागे. मुंबईत न्यूएल १८२१ मध्ये पटकीनं गेले. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबककडच्या दौऱ्यावर होते. जवळची औषधं आजाऱ्यांना वाटून टाकल्यावर परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीनं गाठलं आणि एका देवळाच्या ओसरीवर त्यांचा शेवट झाला.

आलेल्या माणसाचं पहिलं काम म्हणजे भाषा. एडिंबरोच्या कागदावर ही बाब एका ओळीची होती, इथं तिला एक-दोन वर्षं लागत. शास्त्री किंवा मुन्शी पगारावर ठेवायचा, सकाळी त्याच्यापाशी धडा घ्यायचा आणि संध्याकाळी बाजारात जाऊन तो वापरून बघायचा. यातली मेख अशी की शास्त्रीबुवांची मराठी एक आणि बाणकोटच्या बाजारातली दुसरी. तिथं कोळी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, कुणबी आहेत, महार आहेत, प्रत्येकाची बोली निराळी. लिहायचं तर व्यवहार सगळा मोडीत, पोथी बाळबोधीत. कुठली मराठी छापायची हा प्रश्न तिथं आपोआपच उभा राहिला. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा १८३१ चा कोश किंवा स्टीव्हन्सननी १८३३ मध्ये काढलेलं मराठी व्याकरण, ही पुस्तकं आपण वापरतो तेव्हा त्यांच्यामागं अशी किती वर्षांची कानांची मेहनत आहे हे लक्षात येत नाही. पुढं विल्सन कॉलेजमुळं नाव झालेले जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेटसह मुंबईला उतरले आणि मराठी शिकायला आले ते इकडं, हर्णैला. वर्षाच्या आत ते मराठीतून प्रवचन करू लागले. दक्षिण कोकणची ठाणी पुढं बंद पडली, पण भाषा शिकवणारी शाळा म्हणून ती चांगलीच चालली होती, असं मी म्हणेन.

आता शाळांकडं येऊ, कारण योजनेचा सगळा भार त्यांच्यावर होता. रस्त्यात उभं राहून प्रवचन केलं तर माणसं गंमत म्हणून जमतात आणि पांगतात. शाळेत मूल रोज येतं. म्हणून गावोगाव मराठी शाळा काढायच्या, लिहिणं-वाचणं आणि हिशेब शिकवायचे, वाचनाला बायबलमधल्या गोष्टी द्यायच्या, आणि मिशनऱ्यानं फेरीवर येऊन परीक्षा घ्यायची. पण शिकवणार कोण? ख्रिस्ती शिक्षक तर नव्हतेच. तेव्हा गावातल्या पंतोजींनाच पगार देऊन बसवलं. यांतले पुष्कळसे ब्राह्मण, आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर अमेरिकनांच्या शाळांतून काही बेने इस्राएलही. पगार बऱ्याच ठिकाणी हजेरीवर. धूळपाटीवर अक्षरं, पाढे, पावकी-निमकी हे सगळं जुन्या रीतीनं चाले, आणि साहेब येण्याच्या दिवशी मुलं पाठ केलेली प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणत. पंतोजीला पगार मिळे, पोराला हिशेब येई, साहेबाला अहवालात लिहायला आकडा मिळे. यात कुणी लबाड होतं असं मला वाटत नाही. ज्यानं त्यानं आपापली गरज भागवली.

या योजनेला एक गाठ मात्र पहिल्यापासून होती. शाळा भरलेली राहायची तर लोकांचा विश्वास हवा, आणि एखाद्या मुलानं खरंच बाप्तिस्मा घेतला की तो विश्वास एका दिवसात जाई. १८३९ मध्ये विल्सन यांच्या मुंबईच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. पालकांनी मुलं भराभर काढून घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाच्या बाबतीत तेच झालं. त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. शाळेच्या मार्गानं धर्म पसरवायचा, तर मार्ग यशस्वी झाला की मार्गच बंद, असा हा पेच. कोकणच्या खेड्यांत तो पेच इतका टोकाला गेलाच नाही, कारण तिथं बाप्तिस्मे फारसे झालेच नाहीत.

आणि शाळेत येत कोण होतं? १८२३ च्या शिक्षणविषयक टिपणात एल्फिन्स्टननं एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतली मुलं उत्तम विद्यार्थी असल्याचा अनुभव येतो, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपलं पाहिजे, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते वर कधीच पसरणार नाही, असा त्याचा आशय. डोनाल्ड मिचेल याच वर्षी बाणकोटला आले, हे लक्षात घ्या. ज्या पंतोजीवर शाळा उभी, तो महाराच्या मुलाला ओसरीवर घेणार नव्हता. ज्यांच्या मुलांवर हजेरीचा आकडा उभा, तेही बसू देणार नव्हते. योजना आखणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं असं नाही. पण जिथं यश पटाच्या आकड्यानं मोजतात, तिथं ज्याच्यामुळं पट घसरेल तो बाहेरच राहतो.

यात पत्रव्यवहाराची भर. केपला वळसा घालून जाणारं पत्र स्कॉटलंडला पोचायला चार-सहा महिने, उत्तर यायला तेवढेच. एखादी अडचण विचारली तर निर्णय हाती पडेपर्यंत वर्ष जाई आणि तोवर ती अडचण तरी संपलेली असे नाहीतर विचारणारा तरी. सुएझमार्गे आगबोटीची पहिली फेरी मुंबईहून १८३० मध्ये झाली, त्यानंतर ही दिरंगाई कमी होत गेली. पण तोवर इथली माणसं आपल्या मतानं चालायला शिकली होती. त्यांचं वर्षाचं वेळापत्रक एडिंबरोनं नव्हे, पावसानं ठरवलेलं होतं. चार महिने घरात बसून वाचन, लेखन, भाषांतर. दिवाळीनंतर तंबू, घोडा आणि पुस्तकांची ओझी घेऊन दौरा, आठवड्याचे बाजार आणि जत्रा धरून. होळीनंतर ऊन चढलं की परत.

१८३० च्या सुमारास या मंडळींनी हिशेब मांडला. मुंबई आणि पुणे ही मोठी शहरं सोडून खाडीच्या तोंडाशी माणसं अडकवून ठेवण्यात अर्थ नाही, असं ठरलं. तोवर पुण्याचं दारही उघडलं होतं. जेम्स मिचेल आणि स्टीव्हन्सन पुण्याला गेले, विल्सन तर आधीच मुंबईला परतले होते. १८३५ मध्ये सोसायटीचं इथलं सगळं कामच स्कॉटलंडच्या चर्चकडं गेलं. त्याच सुमारास कलकत्त्याला अलेक्झांडर डफनं वरच्या वर्गाला इंग्रजीतून शिकवायचं, मग ते खाली झिरपेल, अशी नवी दिशा घालून दिली होती आणि सगळीकडं तिचा बोलबाला होता. विल्सन मात्र मराठीचा हट्ट धरून राहिले, हे त्यांचं वेगळेपण.

आमच्या खोऱ्याला याचा अर्थ काय? महाड आणि पोलादपूर हे मुक्काम झाले. १८२८-२९ मध्ये माल्कमपेठ वसली, तेव्हापासून उन्हाळ्यात मिशनरी याच वाटेनं महाबळेश्वरला जात. अमेरिकन मिशनचे अॅलन ग्रेव्ह्ज तर तब्येतीसाठी वरच राहिले आणि १८४३ मध्ये तिथंच वारले. वाटेतल्या गावांत चार पुस्तकं वाटली जात असतील, चार प्रवचनंही होत असतील. पण वाटसरूच्या हातून गावात काही रुजत नाही. मुरूडजवळच्या कोर्लईला पोर्तुगीज १७४० मध्ये गेले तरी ख्रिस्ती वस्ती टिकली, तिची पोर्तुगीजमिश्रित बोलीसुद्धा टिकली. तिथं ते दोनशे वर्षं राहिले होते, तलवारीनिशी राहिले होते हेही खरं. सावित्रीकाठी स्कॉटिश मंडळी पुरती दहा वर्षंही राहिली नाहीत.

मिशनांच्या वरिष्ठांना ही चूक पुढं उमगली. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः मुंबई-अहमदनगर भागात येऊन काम पाहून गेले. त्यांचं म्हणणं असं की स्थानिक मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, पाळक इथलाच हवा, त्याचा खर्च मंडळीनं उचलावा, आणि परदेशी माणसानं तिथून निघून जाण्याच्या तयारीनंच काम करावं. अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना त्याच सुमारास पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगर जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाज खेड्यापाड्यांत उभा राहिला, त्यातून मराठीला रेव्हरंड टिळक मिळाले, लक्ष्मीबाई मिळाल्या. कोकणातली ठाणी त्याच्या आधीच मिटली होती.

मघाशी दासगावचं नाव घेतलं, ते मुद्दाम. जुनी इंग्रजी हद्द असल्यानं दासगाव, महाड, बाणकोट या पट्ट्यातले पुष्कळ महार कंपनीच्या पलटणीत गेले. पलटणीत लिहायला-वाचायला शिकवत. पेन्शन घेऊन परतलेले हे सुभेदार-हवालदार गावात आले ते अक्षरं आणि स्वाभिमान दोन्ही घेऊन. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पेन्शनर. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ लिहून अस्पृश्यतेवर घाव घातला. दासगावला वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी झगडावं लागलं, आणि त्यांनीच पुढं १९२७ च्या महाड परिषदेची जुळवाजुळव केली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मिशनच्या शाळा जिथं पोचल्या नाहीत तिथं अक्षरं पलटणीमार्गे पोचली, आणि ज्यांना ती मिळाली त्यांनी त्यांचं काय करायचं हे स्वतः ठरवलं.

१९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा मिशनांत पुन्हा आकडेमोडीला उधाण आलं. इतर धर्मांचे लोक गेले तसे मिशनरीही त्यांच्याकडं गेले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला होता आणि मिशनांच्या सेवाकार्याची त्यांना कदरही होती. पण धर्म बदलल्यावरही जात पाठ सोडत नाही आणि धर्मांतरितांची समाजातली स्थिती पालटावी म्हणून मिशनऱ्यांनी पुरेसं केलेलं नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९५६ मध्ये त्यांनी बुद्धाचा मार्ग धरला. महाडच्या बौद्धवाड्यांतली माणसं आज गंधारपाल्याच्या लेण्यांत वंदनेला जातात.

आखणी बदलल्याची एक खूण मुंबईत दिसते. महाड-पोलादपूरच्या घराघरातला पुरुष गिरणीत किंवा गोदीत, ही आमच्याकडची शंभर वर्षांची कहाणी. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्सहार्ट यांनी नागपाड्याला नेबरहूड हाउस काढलं. आधी वस्तीत फिरायचं, माणसं राहतात कशी, कर्ज किती, मुलं कुठं जातात हे पाहायचं आणि मग काम ठरवायचं, ही तिथली पद्धत. त्यातूनच टाटा ट्रस्टच्या मदतीनं १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. बाप्तिस्म्याचा रकाना तिथं नव्हताच.

आणि खुद्द पोलादपूरला मिशनच्या ज्या कामाची ओळख राहिली ते काम कुष्ठरोग्यांचं. वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थानं १८७४ मध्ये सुरू केलेली संस्था, आज तिला द लेप्रसी मिशन म्हणतात, तिचं केंद्र इथं होतं. या कामाची आखणीही काळाबरोबर पार उलटीपालटी झाली. आधी औषध म्हणून होतं कडू कवठीचं तेल, जे आमच्या सह्याद्रीतल्याच झाडाच्या बियांचं. गुण येई न येई. त्यामुळं रोग्याला घरचे आणि गाव टाकून देणार हे धरूनच योजना असे: भिंतीआड आश्रम, तिथंच शेती, तिथंच प्रार्थना, तिथंच मरण. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं आणि रोगी गोळ्या घेऊन घरी राहू शकेल अशी शक्यता निर्माण झाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हापासून ठराविक मुदतीत रोग बरा होऊ लागला. मग आश्रमाच्या खाटा मोजण्यात अर्थ राहिला नाही. कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत जाऊन अंगावरचे बधिर चट्टे तपासायचे, शाळेत सांगायचं, गोळ्या चुकल्या तर घरी जाऊन विचारायचं, असं काम सुरू झालं. राष्ट्रीय कार्यक्रमाची रीतही तीच, आणि पनवेलजवळच्या शांतिवनसारख्या आपल्या माणसांनी काढलेल्या संस्थाही त्याच वाटेनं गेल्या.

भातशेतीत अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायाची संवेदना गेली की त्याला काटा कळत नाही, जखम कळत नाही, आणि बोटं झडतात ती रोगानं कमी, दुर्लक्षित जखमांनी जास्त. हे कळल्यावर मऊ रबराच्या तळाची चप्पल हे उपचाराचं साधन झालं. पण ती चप्पल घातली की गावाला रोग कळतो, म्हणून माणूस ती घालत नसे. मग ती बाजारातल्या साध्या चपलेसारखी दिसेल अशी बनवावी लागली. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेनं सरळ करण्याची रीत बसवली. तिचाही उपयोग रोग्याला पुन्हा मुंबईत नोकरी मिळण्यासाठी झाला, कारण फाटकावरचा माणूस आधी हात बघतो.

२००५ च्या डिसेंबरअखेर देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर घरोघरच्या तपासण्या बऱ्याच ठिकाणी मंदावल्या, कारण आकडा खाली आला होता. नवे रोगी मात्र देशात दर वर्षी सापडतच आहेत. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळं माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही. त्याच्या वाडीवर कुणीतरी जावंच लागतं.